आधी प्रश्न, मग धडा: समस्या-आधारित अध्ययनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिक्षकांच्या कार्यशाळेत भर सत्रात विचारले जाणारे प्रश्न वेगळे आणि सुट्टीत बाजूला घेऊन विचारले जाणारे वेगळे. मला दुसरे जास्त आवडतात. खाली बहुतेक तेच आहेत. उत्तरं वर्गात केलेल्या आणि फसलेल्या प्रयोगांतून आली आहेत. जिथे संशोधन आहे तिथे तसं सांगितलं आहे.

समस्या-आधारित अध्ययन म्हणजे नेमकं काय?

एरवी आधी धडा होतो, मग त्यावरचे प्रश्न. इथे क्रम उलटा. मुलांपुढे आधी एक प्रसंग ठेवायचा, ज्याचं उत्तर त्यांना त्या घडीला देता येणार नाही. तो उलगडताना आपल्याला काय काय माहीत नाही ते त्यांच्या लक्षात येतं. मग ती ते शोधायला जातात, आणि जे सापडेल ते परत येऊन त्याच प्रसंगाला लावून पाहतात. धडा होतोच, फक्त तो मुलांनी मागितल्यावर होतो.

"शिक्षकांनी काही शिकवायचं नाही, मुलं आपापली शिकतात" अशी एक व्याख्या सगळीकडे फिरत असते. या पद्धतीचं जेवढं नुकसान तिने केलं आहे तेवढं विरोधकांनीही केलेलं नाही.

ही कल्पना आली कुठून?

वैद्यकीय शिक्षणातून. कॅनडात हॅमिल्टन इथल्या मॅकमास्टर विद्यापीठाने नवं वैद्यकीय महाविद्यालय काढलं आणि १९६९ मध्ये २० विद्यार्थ्यांची पहिली तुकडी घेतली. वैद्यकीय शिक्षणाचं दुखणं तेव्हाही जुनंच होतं. सुरुवातीची वर्षं शरीररचना आणि जीवरसायन पाठ करण्यात जायची, आणि प्रत्यक्ष रुग्ण समोर येईपर्यंत त्यातलं बरंचसं पुसलं गेलेलं असायचं. म्हणून तिथे सुरुवातीपासूनच लहान गटांपुढे रुग्णाची हकिगत ठेवायला सुरुवात झाली. या माणसाला काय होतंय, आणि ते कळायला आपल्याला काय शिकावं लागेल, एवढंच विचारायचं.

मेंदू आणि मज्जासंस्थेचे डॉक्टर हॉवर्ड बॅरोज यांचं नाव या पद्धतीशी कायमचं जोडलं गेलं. निरोगी माणसाला रुग्णाची भूमिका शिकवून त्याच्यावर विद्यार्थ्यांना सराव देण्याची कल्पनाही त्यांचीच, १९६० च्या दशकातली. त्यामुळे ते मुळात उत्तम नाट्यदिग्दर्शक असावेत असं मला उगाच वाटतं. पुढे नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टने १९७४ पासून वैद्यकीय अभ्यासक्रम याच पद्धतीवर उभा केला. डेन्मार्कमध्ये रोस्किल्ड (१९७२) आणि ऑलबोर्ग (१९७४) या विद्यापीठांनी समस्या आणि प्रकल्प यांची सांगड घातली. सिंगापूरमध्ये २००२ साली निघालेल्या रिपब्लिक पॉलिटेक्निकने तर दिवसाला एक समस्या असं वेळापत्रकच करून टाकलं.

धड्याखालचे स्वाध्याय आम्ही सोडवून घेतोच की. त्यात आणि यात काय फरक?

स्वाध्यायातला प्रश्न आपण कुठल्या धड्याखाली बसलोय हे सांगून टाकतो. प्रकरण घनफळाचं असेल तर उत्तरात घनफळच येणार, हे मुलाला प्रश्न वाचायच्या आधीच ठाऊक असतं. समस्येवर धड्याचं नाव नसतं. इथे घनफळ लागेल की टक्केवारी की श्वसनक्रिया, हे ठरवणं हाच निम्मा अभ्यास असतो. शिवाय स्वाध्यायात दिलेले सगळे आकडे वापरायचे असतात, एकही उरत नाही. समस्येत काही आकडे जास्तीचे असतात आणि काही हवे असूनही दिलेले नसतात.

आणि प्रकल्प?

प्रकल्पाच्या शेवटी काहीतरी तयार होतं: प्रतिकृती, अहवाल, प्रयोग. समस्येच्या शेवटी स्पष्टीकरण किंवा निर्णय हाती येतो, आणि तोही कधीकधी अर्धवट. सीमारेषा पुसट आहे, त्यावर वाद घालत बसू नये.

वर्गात हे प्रत्यक्ष कसं चालतं? एखादं उदाहरण द्या.

मी बारा-तेरा वर्षांच्या मुलांना देते ती एक समस्या सांगते. प्रत्येक गटाला एक कागद मिळतो:

"एक वर्ग सकाळी टवटवीत असतो, पण दुपारच्या दुसऱ्या तासाला पेंगायला लागतो. खोली ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद, ३ मीटर उंच. मुलं ४०. बाहेर गोंगाट असल्यामुळे खिडक्या-दारं बंद. भिंतींचा रंग फिकट निळा. मुख्याध्यापक म्हणतात, मुलं आळशी आहेत. वर्गशिक्षिका म्हणतात, खोलीतच काहीतरी गडबड आहे. मुख्याध्यापकांना एक पानाची शिफारस लिहा."

पहिली दहा मिनिटं नुसता कलकलाट असतो आणि तो असू द्यावा. जेवणानंतर झोप येतेच. उकडतं. तो विषयच कंटाळवाणा असेल. निळ्या रंगाने झोप येते, असं एकाने कुठेतरी वाचलेलं असतं. आणि हटकून एक जण म्हणतो, "बाई, खोलीतला ऑक्सिजन संपतो." सगळा वर्ग माना डोलावतो. मी फळ्यावर तीन रकाने आखते: माहीत आहे, वाटतंय, शोधायचंय. ऑक्सिजन दुसऱ्या रकान्यात जातो. ज्याने तो सांगितला त्याला तो पहिल्यात हवा असतो. "कशावरून?" एवढंच मी विचारते.

इथून गाडी पुढे सरकते. खोलीत हवा किती? एक माणूस तासाला किती ऑक्सिजन वापरतो, किती कार्बन डायऑक्साइड सोडतो? बाहेरच्या हवेत या वायूंचं प्रमाण किती? हे प्रश्न तिसऱ्या रकान्यात जमतात, गट ते वाटून घेतात, आणि तास संपतो. उत्तर कुणाकडेच नसतं. समस्या मुलांबरोबर घरी जाते.

दुसऱ्या दिवशी आकडे येतात. शांत बसलेला माणूस तासाला साधारण १५ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. म्हणजे ४० जणांचे ६०० लिटर. खोली १४४ घनमीटर. एकदा एका गटातली मुलगी पाठकोऱ्या कागदावर भागाकार करून घाबऱ्याघुबऱ्या माझ्याकडे आली. "बाई, खोलीत १४४ हवा आहे आणि ६०० कार्बन डायऑक्साइड झाला. मग बाकीची हवा गेली कुठे?" मला उत्तर देण्याचा मोह आवरेना. जीभ चावून म्हटलं, "१४४ काय आणि ६०० काय?" ती कागदाकडे बघत उभी राहिली. मग स्वतःशीच पुटपुटली, "हे मीटरवालं आहे..." आणि पळत गटाकडे गेली. एका घनमीटरमध्ये १००० लिटर असतात हे त्या मुलांनी आधी दोनदा तरी पाठ केलेलं असेल. ते त्यांना खरं लागलं ते त्या दिवशी.

हिशेब असा उतरतो. १,४४,००० लिटरमध्ये ६०० लिटर म्हणजे ०.४२ टक्के. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड असतो साधारण ०.०४ टक्के. म्हणजे खोली खरोखर हवाबंद असेल तर तासाभरात त्याचं प्रमाण सुमारे अकरापट होतं. आणि ऑक्सिजन? खोलीत तो जवळजवळ ३०,००० लिटर असतो. तासाभरात त्यातला दोन-अडीच टक्के वापरला जातो. संपण्याचं नावच नको. सगळ्यांनी मान डोलावलेली कल्पना मुलांनी स्वतःच आकड्यांनी खोडलेली असते, आणि ज्याने ती मांडली होती तोच आता बाकीच्यांना समजावत असतो.

गंमत पुढेच आहे. शिफारस लिहायला बसल्यावर कुणीतरी शंका काढतो: हवा कोंदट होते हे कळलं, पण झोप त्यानेच येते हे कुठे कळलं? उकाड्याने येत असेल. जेवणाने येत असेल. आता मुलं न सांगता प्रयोगाच्या दारात येऊन उभी असतात. काही दिवस खिडक्या उघड्या, काही दिवस बंद, बाकी सगळं सारखं ठेवायचं. ज्या वर्षी ही शंका कुणीच काढत नाही त्या वर्षी ती मी मुख्याध्यापक होऊन काढते.

सात पायऱ्या असतात म्हणे?

मास्ट्रिख्टमध्ये "सात उड्या" म्हणून एक क्रम रूढ झाला. अडलेले शब्द समजून घ्या, समस्या नेमकी मांडा, सुचेल ते सगळं बोला, त्यातून शक्य स्पष्टीकरणं लावून घ्या, काय शिकायचं ते ठरवा, एकेकट्याने अभ्यास करा, परत येऊन जोडा. वरचं उदाहरण बघितलंत तर सगळ्या उड्या त्यात सापडतील. नवख्या शिक्षकाला हा क्रम हाताशी असलेला बरा. पाचवी पायरी मात्र कुणीही गाळू नये. काय शिकायचं हे लिहून न काढता गट पांगला तर दुसऱ्या दिवशी सगळे एकच पान छापून आणतात.

चांगली समस्या कशी लिहायची?

सगळं यावर अवलंबून आहे, आणि नेमका इथेच सर्वांत कमी वेळ दिला जातो.

माझी पहिली समस्या होती "पाणीटंचाईवर उपाय सुचवा." चार तास खर्ची पडले. हाती आली घोषवाक्यं आणि रंगीत भित्तिपत्रकं. "पाणी वाचवा, जीवन वाचवा" लिहायला मुलांना नवीन काही शिकावं लागलंच नव्हतं, मग ती शिकली नाहीत. दोष माझ्या कागदात होता. त्यात ना माणूस होता, ना जागा, ना आकडा. एक ना धड भाराभर चिंध्या. तीच समस्या पुढे अशी झाली: एका इमारतीच्या टाकीत रोज ठरावीक पाणी येतं, संध्याकाळी वरच्या मजल्यांवर ते पोचत नाही, खालचे म्हणतात आम्ही जास्त वापरत नाही, आणि सोबत आठवड्याच्या मीटरच्या नोंदी. मग दाब, प्रवाह, सरासरी, गळती हे सगळं आपोआप आलं.

समस्या लिहून झाली की मी ती तीन कसोट्यांवर घासते. मुलांना यातलं काहीतरी आधीच माहीत आहे का, म्हणजे बोलायला सुरुवात करता येईल का? जे शिकवायचं आहे त्याला वळसा घालून उत्तर काढता येतं का? येत असेल तर मुलं तो वळसा घालणारच, आणि त्यात त्यांची चूक नाही. तिसरी कसोटी, दोन शहाण्या माणसांचं यावर एकमत होणार नाही असं काही यात आहे का? मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षिका यांचं मुद्दाम पटवलेलं नाही ते त्यासाठीच. भांडण असलं की गट जागा राहतो.

निळी भिंतही मुद्दाम आहे. खऱ्या प्रसंगात निरुपयोगी माहिती असतेच आणि ती बाजूला सारता यायला हवी. पण अशी एखादीच पुरे. पाच-सहा झाल्या की मुलांना आपली चेष्टा चालली आहे असं वाटतं.

मग शिक्षकाने करायचं काय?

प्रशिक्षणाच्या भाषेत त्याला "सुलभक" म्हणतात. शब्द कानाला सुलभ नाही आणि काम तर मुळीच नाही. व्याख्यान देताना पुढचं वाक्य काय हे आपल्या हातात असतं. इथे सात गट सात दिशांना चाललेले असतात, आणि कुणाला हटकायचं, कुणाला जाऊ द्यायचं हे उभ्या उभ्या ठरवावं लागतं.

माझ्याजवळ चार-पाचच प्रश्न असतात आणि वर्षभर तेच चालतात. हे कशावरून? याच्या उलट असतं तर काय दिसलं असतं? यातलं आधी काय शोधायचं? तुमच्या गटात हे कुणाला पटलेलं नाही? शेवटचा विचारला की हमखास एक बोट वर येतं, बहुधा तोपर्यंत गप्प असलेल्याचं.

आणि थांबायचं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी वर्गांतली संभाषणं ध्वनिमुद्रित करून दाखवून दिलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तरी मुलांची उत्तरं लांब आणि विचारपूर्वक होतात. तीन सेकंद! घड्याळ लावून बघा, वर्गात ते केवढे लांबलचक वाटतात.

पण गप्प राहणं हे व्रत नव्हे. वर्गातले चार गट एकाच जागी अडले की मी सगळ्यांना थांबवते आणि दहा मिनिटं सरळ फळ्यावर शिकवते. समस्येच्या मध्यावर केलेलं हे छोटं व्याख्यान मुलं जसं ऐकतात तसं तासाच्या सुरुवातीचं ऐकत नाहीत. "हे शुद्ध समस्या-आधारित राहिलं नाही" असा आक्षेप एकदा एका सहकाऱ्याने घेतला होता. राहिलं नसेल.

मुलांचा पायाच कच्चा असेल तर? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

खरं आहे, आणि या पद्धतीवरचा सर्वांत भक्कम आक्षेपही हाच. २००६ मध्ये किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या अभ्यासकांनी तो जोरकसपणे मांडला. माणसाची तात्पुरती स्मृती फार तोकडी असते. नवख्या विद्यार्थ्याला एकाच वेळी समस्या समजून घ्यायची, माहिती शोधायची आणि ती लावून बघायची झाली तर त्या धडपडीतच सगळी शक्ती संपते, शिकायला काही उरत नाही. अशा विद्यार्थ्याला सोडवून दाखवलेली उदाहरणं जास्त उपयोगी पडतात. पुढच्याच वर्षी सिंडी मेलो-सिल्व्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर दिलं की चांगलं समस्या-आधारित अध्ययन म्हणजे मार्गदर्शनाचा अभाव नव्हेच. त्यात टप्पे, तक्ते, प्रश्न, मधली छोटी व्याख्यानं असा भरपूर आधार असतो.

मला दोन्ही बाजू पटतात, कारण त्या वेगवेगळ्या वर्गांबद्दल बोलताहेत. मार्गदर्शन न करता मुलांना सोडून देणारा वर्ग मी पाहिला आहे. तिथे पहिल्या बाजूचा शब्द न् शब्द खरा होता. अपूर्णांकच येत नसलेल्या मुलाला टक्केवारीच्या समस्येत ढकलू नका. त्याला आधी अपूर्णांक शिकवा, नेहमीच्या पद्धतीने, भरपूर सराव देऊन. मूल जसजसं तयार होत जाईल तसतसा आधार काढत न्यायचा.

संशोधन एकूण काय सांगतं? मुलं खरंच जास्त शिकतात का?

"जास्त" म्हणजे काय यावर उत्तर बदलतं. फिलिप डॉखी आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ४३ अभ्यास एकत्र करून पाहिले. ज्ञान वापरण्याच्या कौशल्यात या पद्धतीने शिकलेले विद्यार्थी स्पष्टपणे पुढे होते. निव्वळ माहितीच्या चाचणीत ते किंचित मागे पडलेले दिसले, पण शिकलेलं त्यांच्या लक्षात जास्त काळ राहिलेलं आढळलं. यातले बरेचसे अभ्यास उच्च शिक्षणातले, त्यातही वैद्यकीय क्षेत्रातले. त्यामुळे प्राथमिक शाळेसाठी त्यांचा हवाला देताना जरा जपून.

उद्या परीक्षा असेल तर घोकंपट्टी जिंकते, असा मी त्याचा साधा अर्थ लावते. परीक्षा सहा महिन्यांनी असेल तर पैज लावायला हरकत नाही.

अभ्यासक्रम पुरा कसा होणार?

रात्र थोडी आणि सोंगं फार, हे खरंच. सगळा अभ्यासक्रम असा शिकवायला जाऊ नका, पुरा होणार नाही. मी सत्रात तीन किंवा चार समस्या घेते आणि त्या अशा निवडते की प्रत्येकीत दोन-तीन प्रकरणं गुंफली जातील. पेंगणाऱ्या वर्गात घनफळ, एककं, टक्केवारी, हवेचे घटक आणि श्वसन एवढं उरकतं. व्याख्या, चिन्हं, वर्गीकरण, शुद्धलेखनाचे नियम यांच्यासाठी समस्या रचत बसणं हा वेळेचा अपव्यय आहे. ते सांगून मोकळं व्हावं.

गटात एकच जण राबतो आणि बाकीचे फुकटचं श्रेय घेतात. यावर उपाय?

माणसाचा स्वभाव आहे. फ्रान्समधले कृषी अभियंता मॅक्स रिंगलमन यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी माणसांना दोरी ओढायला लावली आणि मोजमाप केलं. माणसं वाढली तसा एकूण जोर वाढला, पण दरडोई कमी होत गेला. म्हणून गट चार-पाच जणांचा ठेवा. सहाव्याला टेकायला जागा मिळते.

दुसरं, शोधायचे मुद्दे नावानिशी वाटून द्या आणि फळ्यावर राहू द्या. तिसरं, आणि माझ्या अनुभवात सर्वांत परिणामकारक: गटाच्या वतीने कोण बोलणार हे आयत्या वेळी चिठ्ठी काढून ठरवा. पहिल्याच चिठ्ठीनंतर गटातली हुशार मुलं बाकीच्यांना जीव तोडून समजवायला लागतात.

अबोल मुलांबद्दल मात्र सबुरी हवी. गप्प बसलेलं मूल कामचुकारच असतं असं नाही. चर्चेआधी तीन मिनिटं प्रत्येकाने आपापलं लिहायचं, मग बोलायचं, एवढ्या बदलानेही बराच फरक पडतो.

गुण कसे द्यायचे?

गटाला थोडे, एकेकट्याला जास्त. गटाच्या शिफारशीला मी चौथा हिस्सा गुण देते. बाकीचे प्रत्येकाच्या टिपणवहीला आणि शेवटी एकट्याने सोडवायच्या एका नव्या पण सख्ख्या समस्येला. पेंगणाऱ्या वर्गानंतर बंद मोटारीत बसलेल्या पाच जणांची समस्या देते. ज्याने गटात नुसत्या माना डोलावल्या तो तिथे उघडा पडतो.

मॅकमास्टरमध्ये "ट्रिपल जंप" नावाची परीक्षा घेत: विद्यार्थ्याने परीक्षकासमोर समस्येवर तोंडी विचार करायचा, मग जाऊन अभ्यास करायचा, मग परत येऊन सांगायचं. कल्पना सुरेख, पण वर्गात ४० मुलं असली की परीक्षकाचीच उडी चुकते. मी तिचा लेखी अवतार वापरते: आज अर्धं पान, परवा दुसरं अर्धं. दोन्ही अर्ध्यांतला फरक तपासायचा.

उत्तर बरोबर आहे का, याला मी सगळ्यांत कमी गुण ठेवते. काही पालकांना हे विचित्र वाटतं.

आता उत्तर फोनमध्ये मिळतं. एआयला विचारलं की झालं. मग हे सगळं कशाला?

सुरुवातीला मलाही ही धास्ती होती. मग एकदा मुलांना मी स्वतःच सांगितलं: समस्या जशीच्या तशी एआयला द्या आणि उत्तर छापून आणा. उत्तर ऐटबाज होतं. वर्गात काम एकच दिलं, यात न सांगता गृहीत धरलेल्या गोष्टी शोधा. दोन तास पुरले नाहीत. खोली पूर्ण हवाबंद धरली होती. श्वासाचे आकडे मोठ्या माणसाचे होते आणि आमची मुलं बाराची. झोपेचं कारण तर सिद्ध न करताच ठोकून दिलं होतं. एका मुलाने समासात लिहिलं, "याने कधी वर्गात बसून बघितलेलं नाही."

ज्या समस्येचं उत्तर फोनमधून उचलून जसंच्या तसं चालतं ती समस्या मुळात स्वाध्यायच होती. तुमच्याच खोलीची लांबी-रुंदी, तुम्हीच घेतलेल्या नोंदी, तुमच्यासमोर बसलेला न पटणारा माणूस, हे समस्येत आलं की फोन मदतनीस होतो. बंदी घालून मला कधी यश आलेलं नाही.

सगळ्या विषयांत चालतं का?

विज्ञान, आरोग्य, भूगोल, अर्थव्यवहार यांत सहज. इतिहासात एकाच घटनेच्या दोन परस्परविरोधी हकिगती हातात द्या. खरं कोणाचं आणि ठरवायचं कसं, ही पुरेशी समस्या आहे. भाषेत मी मुलांना एक चिडक्या सुराचं तक्रारपत्र देते, ज्याला कुणी उत्तर दिलेलं नाही, आणि उत्तर येईल असं ते पुन्हा लिहायला सांगते. सूर, क्रम, विरामचिन्हं सगळं त्यात येतं.

गणिताबद्दल शंका घेतली जाते. मनु कपूर यांचे सिंगापूरमधले प्रयोग तिथे वाचण्यासारखे आहेत. प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप, न शिकवता मुलांना विचारलं, दिलेल्या आकड्यांवरून कोणता खेळाडू सर्वांत सातत्याने खेळतो ते ठरवायची रीत काढा. बहुतेकांच्या रीती अपुऱ्या ठरल्या. पण त्यानंतर ती संकल्पना शिकवल्यावर, सुरुवातीपासून थेट शिकलेल्यांपेक्षा या मुलांना ती जास्त खोलवर कळली. मात्र ते शेवटचं शिकवणं गाळलं की उरतं नुसतं अपयश.

वर्गात साठ मुलं आहेत. जमेल का?

दमछाक होईल, पण जमतं. एका वेळी सगळ्या गटांकडे लक्ष देता येत नाही, म्हणून फळ्यावरचे तीन रकाने प्रत्येक गटाने आपल्या कागदावर आखायचे; चालता चालता नजर टाकली तरी गट कुठे अडलाय ते दिसतं. सादरीकरणात दुसऱ्या गटापासून पुढे फक्त आधी न आलेलं सांगायचं. नाहीतर तीच शिफारस बारा वेळा ऐकताना तुमचाच वर्ग पेंगेल.

मुलं चुकीच्या उत्तरावर पोचली तर?

विचार चुकला की माहिती, ते आधी बघा. माहिती चुकली असेल तर लगेच दुरुस्त करा, चुकीचा आकडा रात्रभर डोक्यात राहू देऊ नये. विचार चुकला असेल तर त्यांच्या उत्तराला अडचणीत आणणारा एक प्रसंग द्या आणि बाजूला व्हा. शेवटच्या तासाला मी सगळ्या गटांचं एकत्र आवरून घेते: काय पक्कं कळलं, काय अजून वाटण्याच्या रकान्यातच आहे. हा तास चुकवला तर अर्धी मुलं गोंधळ घेऊन घरी जातात.

पालक म्हणतात, "शिक्षक शिकवतच नाहीत, मुलंच सगळं करतात."

त्यांना वर्गात बोलावून एक समस्या सोडवायला द्या. ऑक्सिजन संपतो असं बहुतेक पालकही म्हणतात.

पहिल्यांदा करून बघायचं तर सुरुवात कुठून?

एक समस्या, दोन तास, आणि तुमच्या हातचा विषय. ज्या प्रकरणात मुलं दर वर्षी तीच चूक करतात ते निवडा, कारण ती चूक हीच तुमची तयार समस्या आहे. आधी एखाद्या सहकाऱ्यावर कागद आजमावून बघा. त्याने पाच मिनिटांत उत्तर दिलं तर समस्या सोपी, त्याने "म्हणजे नक्की काय करायचं?" विचारलं तर मोघम. तो वाद घालायला लागला की छापायला टाका.

एकच समस्या दर वर्षी वापरता येते का?

वरच्या वर्गातली मुलं खालच्यांना उत्तर सांगून टाकतात, त्यामुळे काहीतरी बदलावं लागतंच. माझ्या पेंगणाऱ्या वर्गाची आतापर्यंत सहा रूपं झाली. एकदा छत उंच केलं, एकदा मुलं निम्मी केली. यंदाच्या कागदात खिडक्या सताड उघड्या आहेत आणि वर्ग तरीही पेंगतो आहे. वरच्या वर्गाकडून पढवून आलेल्या मुलांनी पहिल्याच मिनिटाला "खिडक्या उघडा" म्हणून टाकलं, आणि मग कागद पुन्हा वाचला.